रोज खिशात ठेवायला असिस्टेड चाकू: घ्यावा, पण स्प्रिंग बघून घेऊ नये

कृष्णाकाठ_सांगली
ठिबकची कामं करतो. दिवसभर लॅटरल, म्हणजे ठिबकच्या बारीक नळ्या, कापायची, सुतळी तोडायची, खताच्या गोणीची शिवण उसवायची, फिटिंगची खोकी फोडायची. यातली निम्मी कामं करताना एक हात गुंतलेला असतो. नखानं पातं उचलून उघडायचा चाकू असला की हातातलं खाली ठेवा, चाकू उघडा, परत धरा. म्हणून ज्याला खरोखर रोज चाकू लागतो त्यानं असिस्टेड घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

आधी एक गैरसमज काढू. असिस्टेड म्हणजे खटक्याचा चाकू नव्हे. खटक्याच्या चाकूत मुठीवरचं बटण दाबलं की पातं आपोआप बाहेर येतं. असिस्टेडमध्ये पात्यावरचीच खुंटी किंवा मागे डोकावणारा फ्लिपर बोटानं ढकलावा लागतो. सुरुवातीला आतली स्प्रिंग पातं उलट बंदच ठेवायला बघते. एका कोनापुढे गेलं की तीच स्प्रिंग पुढे रेटते आणि पातं लॉक होतं. केन ओनियन या अमेरिकन कारागिराची 'स्पीडसेफ' रचना कर्शॉ या चाकू कंपनीनं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आणली आणि तिथून हा प्रकार पसरला.

माझा निवडीचा क्रम: लॉक, पोलाद, खिशातली सुरक्षितता आणि सगळ्यात शेवटी स्प्रिंग. लोक नेमकं उलटं करतात. व्हिडिओत चाकू खटकन उघडला की पाकीट बाहेर! लॉक बघताना पातं पूर्ण उघडून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून बघा. लायनर लॉकची, म्हणजे मुठीच्या आतून पात्याला अडवणारी, पट्टी पात्याच्या बुडाखाली नीट शिरली पाहिजे, नुसती कडेला टेकलेली नको, आणि नव्या चाकूत ती पार पलीकडच्या भिंतीला चिकटलेलीही नको. पोलादात १४सी२८एन मिळालं तर डोळे झाकून घ्या. आणि पातं तीन इंचांच्या आसपास पुरे. कर्शॉच्या 'लीक' या मॉडेलात हे पोलाद आणि ही लांबी आहे, शिवाय टोकाजवळ एक छोटी अडसर-कळ आहे, ती सरकवली की खिशात चुकून उघडत नाही. माझ्या मते ती कळ स्प्रिंगपेक्षा मोलाची.

बोला.

तासगावचा_बागायतदार
अण्णा, लॅटरल कापायला कात्री असते की. रोलकट घ्या, तुकडा सरळ पडतो, कनेक्टर गळत नाही. चाकूनं तिरकी कापलेली लॅटरल गळाली की परत तुम्हालाच फोन येतो.

बागेत चाकू लागतो तो कलमाला. ऑगस्ट-सप्टेंबरात द्राक्षाच्या डॉगरिज खुंटावर पाचर कलम भरताना पातं एका बाजूनं सपाट आणि एका बाजूनंच धार लावलेलं लागतं, तरच पाचर सपाट उतरते आणि साल सालीला भिडते. तुमच्या असिस्टेड चाकूला दोन्ही बाजूंनी धार. त्यानं पाचर केली तर मधे पोट येतं आणि कलम वाळतं. कलम भरणारी माणसं साधा मुठीचा चाकू वापरतात, सकाळी दगडावर पाजवतात, दिवसभर तोच. त्यात स्प्रिंग नाही, स्क्रू नाही, लॉक नाही.

आणि बेदाण्याच्या शेडवर तर नेऊच नका. द्राक्षाचा रस सांध्यात गेला की साखर वाळून चिकटा होतो. दोन दिवसांत तुमचं 'खटकन' जाऊन 'कुरकुर' येतं.

कृष्णाकाठ_सांगली
दादा, कलमाला हा चाकू वापरा असं मी कुठं म्हटलं? धागा रोज खिशात ठेवायच्या चाकूचा आहे. कात्री खिशात घालून बँकेत जाता काय?

चिकट्याचं मान्य. कोमट पाण्यात बुडवून दहा वेळा उघडझाक करायची, कोरडा करून सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. एवढं केलं की पूर्ववत.

कुपवाड_टूलरूम
पोलादावर बोलतो, कारण इथं लोक पात्यावर काय कोरलंय ते वाचून पैसे देतात.

डी २ सध्या फार चालतंय. आमच्या टूलरूममध्ये डी २ म्हणजे डाय आणि पंचचं मटेरियल. त्यात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास आणि क्रोमियम बारा टक्के. आकडा बघून वाटतं गंजणार नाही, पण त्यातलं बरंच क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकलेलं असतं, गंज रोखायला मोकळं उरत नाही. म्हणून धार दांडगी टिकते पण डाग पडतात. लिंबू, द्राक्ष, घाम लागून रात्रभर तसंच राहिलं की सकाळी ठिपके. १४सी२८एन हे मुळात स्वीडनचं, त्यात कार्बन ०.६२ टक्के, क्रोमियम चौदा टक्के आणि जरासा नायट्रोजन. कडकपणा रॉकवेल मापात ५८ ते ६० पर्यंत जातो, धार बारीक लागते आणि घरच्या दगडावर सहज परत येते. सांगलीच्या पावसाळ्यात आणि बागेत मी तेच सांगेन. इथवर धागामालकाशी सहमत.

पण खरा खेळ हीट ट्रीटमेंटचा आहे. पोलाद चांगलं आणि पाणी चुकीचं दिलं तर सगळं फुकट. एका ओळखीच्यानं ऑनलाइन घेतलेला स्वस्तातला चाकू आणला होता, पात्यावर ठळक डी २. बुडाशी टेस्टर लावला तर पन्नाशीच्या आसपास रीडिंग. डी २ साठी ५९-६० तरी पाहिजे. कोरायला काय, लेझर मशीन काहीही कोरतं.

आता विरोध. स्प्रिंग कशाला? हल्ली सांध्यात बॉल बेअरिंग घातलेले साधे फ्लिपर मिळतात. बोटानं ढकललं की तितक्याच वेगात उघडतात. असिस्टेडमधली वाकवलेली तार म्हणजे टॉर्शन बार. तिला दर उघडझाकीला पीळ बसतो, एक दिवस थकून तुटणारच. जो भाग नसला तरी काम होतं, तो भाग कशाला ठेवायचा?

कृष्णाकाठ_सांगली
तार तुटली तरी चाकू हातानं उघडतोच, फेकून द्यावा लागत नाही. आणि बेअरिंगचं म्हणाल तर चिखलात त्या गोळ्यांमध्ये वाळू शिरली की काय होतं ते तुम्ही मशीनवाल्यांनी मला सांगायचं का मी तुम्हाला? माझ्या कामात साधी पितळी वॉशर आणि वर स्प्रिंगचा जोर हेच चालतं. ओल्या, निसरड्या अंगठ्यानं पातं पूर्ण उघडलंय का अर्धवट राहिलंय याची खात्री स्प्रिंग देते. अर्धवट उघडलेल्या चाकूनंच बोट कापतं.

कुपवाड_टूलरूम
वाळूचा मुद्दा बरोबर. पण मग तो शेतात काम करणाऱ्याचा मुद्दा झाला. ऑफिसला जाणाऱ्यानं स्प्रिंगचे जादा पैसे देऊ नयेत, यावर मी ठाम.

साताऱ्याचा_वकील
तुम्ही सगळे पोलादात रमलात. मी दुसरी बाजू सांगतो.

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. यावरून लोक सोयीस्कर निष्कर्ष काढतात: माझा तीन इंची, म्हणजे मोकळं रान. तसं नसतं. दिल्लीत १९८० ची अधिसूचना आहे. त्यात ७.६२ सेंटिमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा जास्त रुंद पात्याचे बटणाचे, स्प्रिंगचे, तसेच इतर कुठल्याही यांत्रिक युक्तीनं उघडणारे-मिटणारे चाकू धरले आहेत. ती दिल्लीपुरती आहे, सातारा-सांगलीला लागू नाही. पण कामासाठी दिल्लीला जाणारे इथं असतीलच. तिथं 'साहेब, हा खटक्याचा नाही, असिस्टेड आहे' हा फरक कुणी ऐकून घेईल असं समजू नका.

अमेरिकेचं उदाहरण नेहमी देतात. तिथल्या खटक्याच्या चाकूंवरच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २००९ साली दुरुस्ती होऊन, बंद राहण्याकडे कल असलेले चाकू वगळले गेले. ते त्यांच्याकडे. आपल्या कायद्यात असं वाक्य मला दाखवा.

आता आपल्या दारातलं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो, सण, निवडणूक, आंदोलन काहीही असो. त्यात सुरे, काठ्या आणि शारीरिक इजा करायला वापरता येईल अशी कोणतीही वस्तू जवळ बाळगायला बंदी घालता येते. लांबी-रुंदीचा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे हे आदेश किती वेळा निघतात ते पेपर वाचणाऱ्याला माहीत आहे. आदेश चालू असताना राजवाड्यावर गर्दीत तुमच्या खिशाला चाकू अडकवायची क्लिप दिसली, तर पोलादाचा नंबर कुणी विचारणार नाही.

माझं मत: स्प्रिंगचा चाकू शहरात रोज खिशात नको.

कराडची_दुकानदारीण
वकीलसाहेब, माझं कापडाचं दुकान आहे. गठ्ठे फोडायला चाकू गल्ल्याखाली असतो. तो पर्समध्ये घालून घरी नेला तर मी गुन्हेगार?

साताऱ्याचा_वकील
ताई, गुन्हेगार नाही हो. साधा चाकू, कामाचं कारण सांगता येतंय, अडचण नाही. मनाई आदेश असेल त्या दिवसांत मात्र दुकानातच ठेवा. मी बोलतोय ते झटक्यात उघडणाऱ्याबद्दल. बघणाऱ्याला तो कसा दिसतो, यावर पुढचा अर्धा तास ठरतो.

कराडची_दुकानदारीण
मग मला कटरच बरा. दहा रुपयांची ब्लेड बदलली की नवी धार. तीन-चार हजार घालून पुन्हा धार लावत बसायचं हे पुरुषांचं खूळ मला कळलेलं नाही.

सज्जनगड_भटक्या
ट्रेकला जाणाऱ्यांसाठी: असिस्टेड बाजूला ठेवा, व्हिक्टोरिनॉक्सचा स्विस चाकू घ्या. चाकू, कात्री, स्क्रूड्रायव्हर, डबा उघडणं सगळं एकात. पोलाद मऊ, ५६ च्या आसपास, पण दोन मिनिटांत धार येते. दिसायला निरुपद्रवी, बसमध्ये संत्रं सोललं तर शेजारचा आपली काकडी पुढे करतो. तुमचा काळा, खटकन उघडणारा काढला तर शेजारचा सीट बदलतो. जरा जास्त पातं पाहिजे तर ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा आठ नंबर, साडेआठ सेंटिमीटर, लाकडी मूठ, वरची कडी फिरवली की लॉक. फक्त पावसाळ्यात लाकूड फुगून पातं अडकतं. कासला जुलैत नेऊ नका.

कृष्णाकाठ_सांगली
व्हिक्टोरिनॉक्सच्या साध्या मॉडेलला लॉक नसतं. टोकानं काही टोचताना पातं बोटांवर मिटलं तर? दोन्ही हात लागतात ते वेगळंच.

सज्जनगड_भटक्या
टोचायला चाकू वापरायचाच कशाला? त्याला आरी असते त्यात.

मिरज_रात्रपाळी
मी हॉस्पिटलमध्ये रात्रपाळी करतो, पहाटे दोन-तीनला स्टेशन रोडनं एकटा येतो. मला तर स्वसंरक्षणासाठी पटकन उघडणारा हवा. त्यासाठी कुठला घ्यावा?

साताऱ्याचा_वकील
हे वाक्य लिहून ठेवू नका आणि पोलिसांसमोर तर बोलूच नका. 'काम करायला' आणि 'माणसासाठी' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्या क्षणी तुम्ही माणसासाठी म्हणता, त्या क्षणी तुमच्या अवजाराचं शस्त्र होतं.

कृष्णाकाठ_सांगली
इथं मी वकीलसाहेबांच्या बाजूनं. मित्रा, चांगला टॉर्च घे. त्या रस्त्यावर खड्डे दिसले तरी पुरे. लुटारूनं पाकीट मागितलं तर पाकीट दे. चाकू काढलास की तो त्याच्याही हातात जाऊ शकतो.

तासगावचा_बागायतदार
बरोबर बोललात अण्णा, पहिल्यांदाच.

कुपवाड_टूलरूम
एक राहिलं. क्लिप. चाकू टोक वर ठेवून खिशात बसत असेल तर पात्याची पाठ खिशाच्या मागच्या शिवणीला भिडते, म्हणजे स्प्रिंग अचानक सुटायला जागाच मिळत नाही. असिस्टेड घेणारच असाल तर हे बघाच, विशेषतः अडसर-कळ नसलेल्या मॉडेलमध्ये. आणि विमानानं जाताना चेक-इन बॅगेत टाका, केबिन बॅगेत सापडला तर तिथंच सोडून जावं लागेल.

कृष्णाकाठ_सांगली
घ्या, विरोध करता करता असिस्टेड कसा वापरायचा तेही सांगितलंत.

माझं मत जरा आवळून परत मांडतो. शेतात, साइटवर, हात ओले-चिखलाचे असणाऱ्यानं असिस्टेड जरूर घ्यावा, पातं तीन इंचांच्या आत. शहरात गर्दीत जाताना तो गाडीच्या डिकीत, टूलकिटबरोबर. वकीलसाहेब, डिकीला तरी हरकत नाही ना?

साताऱ्याचा_वकील
पान्हे, टेप, कनेक्टर यांच्याबरोबर असेल तर बोलायला जागा आहे. एकटा असेल तर नाही. आणि तरीही बेअरिंगवाला साधा घ्या म्हणेन, टूलरूमवाले बरोबर बोलतायत.

कृष्णाकाठ_सांगली
तो वाळूत अडकतो हो!

तासगावचा_बागायतदार
रोलकट.