व्हिक्टोरियन असायलममधली रहस्यकादंबरी: नवऱ्याने बायकोला आत टाकणं पटेल का?

रातवा:
मी एक कादंबरी लिहितेय. इंग्लंड, साल 1865, नवरा बायकोला वेडी ठरवून असायलममध्ये डांबतो, का तर तिची इस्टेट हवीय, आणि तिथे एका बाईचा खून होतो तो हिने पाहिलेला असतो पण वेडीचं ऐकणार कोण! शॉक ट्रीटमेंटचा एक सीनही लिहून झालाय. मैत्रिणीने वाचून विचारलं, एवढं सोपं होतं का आत टाकणं? आणि खून उघडकीला कसा आणू, तिथेच गाडी अडलीये.

जुनी_वही:
शॉकचा सीन आधी काढा. ती पद्धत 1938 ची, रोममधली. 1865 मध्ये अफू, मॉर्फिया, ब्रोमाइड अशी गुंगीची औषधं चालतील. साखळदंडही जपूनच वापरा, हॅनवेलच्या काउंटी असायलममध्ये डॉ. कोनोलीने 1839 मध्येच रुग्णांना बांधून ठेवणं बंद केलं होतं. आणि मुळात काउंटी असायलम गरिबांसाठी, तुमची नायिका पैसेवाली दिसतेय, म्हणजे ती जाणार खाजगी, लायसन्सवाल्या ठिकाणी. तिथे घरच्या कुणाची सही असलेला अर्ज आणि दोन डॉक्टरांची सर्टिफिकेटं, दोघांनी वेगवेगळं तपासून दिलेली, एवढं पुरायचं. मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागायला लागला तो 1890 च्या कायद्यानंतर.

मैना_७:
मला इस्टेटीचं कारणच पटत नाहीये. तेव्हाच्या कायद्याने लग्न झालं की बायकोचे पैसे नवऱ्याचेच व्हायचे, ट्रस्टमध्ये बांधून ठेवले असतील तरच ते सुटायचे, मग डांबायची गरज काय? खरं कारण तोंड बंद करणं असू शकतं आणि ते जास्त भयानक आहे. रोझिना बुल्वर लिटनचं बघा, 1858 मध्ये हर्टफर्डला नवऱ्याच्या निवडणूक सभेत जाऊन ती भर लोकांत त्याच्याविरुद्ध बोलली, नवरा मंत्री, थोड्याच दिवसांत बाई ब्रेंटफर्डच्या एका खाजगी असायलममध्ये! पेपरांत बोंब झाली म्हणून तीनेक आठवड्यांत सुटली. जॉर्जिना वेल्डनलाही नवऱ्याला असंच डांबायचं होतं, तिच्याकडे तर 1878 मध्ये डॉक्टर खोटी नावं सांगून आले, तिच्या अनाथाश्रमाबद्दल गप्पा मारल्या आणि तीच तपासणी धरली. ती निसटली, डांबण्याच्या कागदांची मुदत संपेपर्यंत लपून राहिली, आणि पुढे कायदा बदलून बायकांना स्वतः दावा लावता यायला लागल्यावर तिने सगळ्यांना कोर्टात खेचलं. हे वाचताना माझा अजून संताप होतो.

जुनी_वही:
+१, कारण हेच ठेवा. खुनाचं म्हणाल तर उत्तर कागदांत आहे. 1845 च्या कायद्यापासून लूनसी कमिशनर्स, म्हणजे असायलमांवर देखरेख ठेवणारे सरकारी अधिकारी, न सांगता तपासणीला यायचे, रजिस्टरं चाळायचे. कुणाला बांधलं, कोंडलं, कोण मेलं, सगळ्याची नोंद ठेवावी लागायची. मेलेल्या बाईला त्या रात्री एकटीला कोंडल्याची नोंद एका वहीत आहे आणि दुसऱ्या वहीत ती वॉर्डात झोपेत गेली असं लिहिलंय, एवढी एक विसंगती पुरे. शिवाय रुग्णाने कमिशनर्सना लिहिलेलं पत्र न उघडता पुढे पाठवायचा नियम 1862 मध्ये आला होता, म्हणजे नायिकेच्या हातात एक रस्ता आहे, आणि खुन्याला ते पत्र टपालात पडायच्या आत गाठायचंय.

रातवा:
अरे बापरे, हे भारी आहे! शॉक कटाप, इस्टेट कटाप. आता ती नवऱ्याबद्दल चारचौघांत काय बोलली ते ठरवायचं. आणि खुनी मेट्रन करू की मालक डॉक्टर?

मैना_७:
मेट्रन. चाव्या तिच्याकडे, आणि रात्रीची वही पण.