मदत हवी आहे : हिरणदोडीचं बी आणि खुळखुळ्याचा पेच

नमस्कार मंडळी. आमचं शेत सावंतवाडीजवळ आहे. बांधावर खुळखुळा (सुकलेल्या शेंगा खुळखुळ वाजतात ते रानझुडूप) माजलाय, आणि ब्लू टायगर, कॉमन क्रो ही स्थलांतर करणारी फुलपाखरं त्यावर अक्षरशः लगडतात. फुलांपेक्षा सुकत आलेल्या पानांवर गर्दी जास्त! नर पायांनी पान ओरबाडतात आणि सोंडेने रस ओढतात. त्यातल्या अल्कलॉइडपासून (वनस्पतीतलं एक विषारी रसायन) मादीला भुलवणारा गंध तयार होतो म्हणे, नवरदेवाचं अत्तरच.

भावाला मात्र बांधावर तणनाशक मारायचंय. त्याचंही अगदीच चूक नाही, कारण खुळखुळा गुरांना विषारी, आणि आमच्या दोन म्हशी मोकळ्या चरतात. तणनाशक मी कसंबसं थांबवलंय, पण किती दिवस? कुणी काटेरी कुंपण घालून असा पट्टा राखलाय का? त्याऐवजी भुरुंडी (या फुलपाखरांना अशीच खेचणारी दुसरी रानवनस्पती) लावली तर? की तीही गुरांना बाधते?

दुसरं, ब्लू टायगरच्या अळ्यांसाठी हिरणदोडीचा वेल लावायचाय. नर्सरीवाले नाव ऐकून नुसतं बघत राहतात. कुणाकडे पिकलेल्या शेंगा असतील तर कृपया सांगा, टपालखर्च मी देईन. बी ताजंच पेरायचं की पावसाळ्यापर्यंत ठेवलं तरी रुजतं? कॉमन क्रोची चिंता नाही, कण्हेर आणि उंबर दारातच आहेत.