विद्यावेतन संपलं, आता दुकान टाकायचंय. मधले सहा महिने सरकारनं सांभाळावेत का?

मांजराकाठ (केज):
मी आयटीआय वायरमन. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत एका कार्यालयात होतो. २०२४ ला योजना आली तेव्हा सहा महिन्यांची होती, पुढं पाच महिने वाढवून मिळाले. बारावीवाल्याला महिना ६ हजार, आयटीआयला ८, पदवीला १०. म्हणजे अकरा महिन्यांत माझ्यावर ८८ हजार खर्च झाले. त्यात शिकलो काय, तर झेरॉक्समध्ये अडकलेला कागद न फाडता काढायला.

सोबतची पोरं कायम करा म्हणून आंदोलनात आहेत. मीही दोनदा जाऊन बसलो. पण खरं सांगू का, मला कायम व्हायचंच नाही. मला मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळक्या मोटारीत नवी तार भरायचं दुकान टाकायचंय. आमच्या भागात बोअर किती, विहिरी किती, आणि रात्रीच्या लाइटीत व्होल्टेज किती, हे इथं कुणाला सांगायची गरज नाही. रब्बी सुरू झाली की मोटारी जळायला लागतात.

मागणी एवढीच: जो दुकान टाकतो त्याला तेच ८ हजार अजून सहा महिने द्या. गाळ्याचं भाडं आणि घरचा किराणा निघाला तरी पुरे. आत्ताचा कारभार उलटा आहे. कार्यालयात रिकामा बसलो तर पैसे आले, धंदा करतो म्हणलं की कुणी ओळखत नाही. चुकतंय का माझं?

जुना मिस्त्री (माजलगाव):
चुकतंय. राग मानू नको पोरा, मी ह्याच धंद्यात केस पांढरे केलेत.

पहिलं. तुला दुकान टाकायचंय, पण मोटार किती भरल्यास आजवर? आयटीआयला एक-दोन भरल्या असतील, त्याही सरांच्या समोर. सबमर्सिबल उघडून जळकी कॉइल काढायची, वेढे मोजायचे, कोणत्या गेजची तार होती ते बघायचं, परत तेवढेच वेढे घालायचे. एक वेढा इकडचा तिकडं झाला की मोटार गरम होती आणि आठ दिवसांत परत दुकानाच्या दारात. तेव्हा शेतकरी एकटा येत नाही, भावकीतले चार जण घेऊन येतो.

दुसरं, भाड्यानं दुकान बुडत नाही, उधारीनं बुडतं. तार किलोला हजाराच्या वर गेली, ती रोखीनं आणावी लागती. मोटार मात्र पाणी पाळीवर आहे म्हणून आजच्या आज पाहिजे, आणि पैसे? "सोयाबीन गेलं की देतो." सोयाबीन गेलं की "तूर निघू द्या." तूर निघाली की "पाडव्याला बघू." माझ्या वहीत काही नावं अशी हायेत की ती माणसं राहिली नाहीत, आता पोरं म्हणतात आबांनी काही सांगितलं नव्हतं. तुझे ८ हजार पहिल्या दोन मोटारींच्या तारेत जातील. सरकारनं सहा महिने दिले तर तू सहा महिने उधारी देत बसशील आणि सातव्या महिन्याला शटर ओढशील.

वाळूज रिटर्न:
मिस्त्रीकाका धंद्याचं बरोबर बोलले, पण मुद्दा दुसरा आहे. मी अनुभवलंय म्हणून लिहितो.

कंपनीतून काढलं तेव्हा ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत अर्ज केला. रोजच्या सरासरी कमाईच्या निम्मे पैसे, जास्तीत जास्त ९० दिवस, तेही आयुष्यात एकदाच. २०१८ ला आली तेव्हा तर पावच होते, २०२० मध्ये निम्मे केले. पैसे मिळाले, उपकार मानतो. पण ते बेरोजगाराला आहेत. काम लागलं की बंद. मग गावाकडं येऊन नाष्ट्याचा गाडा टाकला तो वडिलांच्या नावावर. सकाळी सहाला पोहे मीच करायचो, कुणी विचारलं की म्हणायचो वडलांना मदत करतोय. तीन महिने खोटं बोललो. कशापायी? तर काम करायलोय हे लपवायला! मांजराकाठ म्हणतोय ते उलटेपण हेच.

पीटी भरणारा (संभाजीनगर):
पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० व्यवसाय कर कापला जातो. हा कर १९७५ चा, रोजगार हमीसाठी लावलेला. ७२ च्या दुष्काळात माझ्या आजोबांनी खडी फोडली, आजी पाझर तलावावर टोपली वाहायची. मजुरी मिळाली, तलावही उभा राहिला. आजही त्यावर जनावरं पाणी पितात. माझा कर अशा कामाला गेला तर दुःख नाही. एखाद्यानं खाजगी दुकान टाकायचं आणि घरखर्च आम्ही द्यायचा, हे कोणत्या न्यायानं? कर्जाच्या योजना आहेत की. पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) आहे, मुद्रा आहे. त्या घ्या.

मांजराकाठ:
दादा, घेतो ना. पीएमईजीपीचाच हिशोब सांगतो, जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन समजून घेतलाय. समजा ३ लाखाचा प्रकल्प. ग्रामीण भागात खुल्या प्रवर्गाला स्वतःचे १० टक्के, म्हणजे ३० हजार आधी खिशातून. अनुदान २५ टक्के, म्हणजे ७५ हजार. ऐकायला गोड. पण ते ७५ हजार हातात येत नाहीत, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून पडून राहतात. तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही हे खरं, आणि ठेवीवर मिळतही नाही. तीन वर्षं दुकान चालवून दाखवलं की मग ती कर्जातून वजा होते. ह्यातून पहिल्या महिन्याचा किराणा कुठून भरू? योजना वाईट नाही, फक्त ती तीन वर्षं टिकलेल्या माणसासाठी आहे. मी पहिल्या सहा महिन्यांचं विचारतोय.

सेलूची ताई:
सगळे भाऊ बोलून घ्या, मग माझं ऐका. मी आठ वर्षं घरात शिलाई करते. ब्लाऊज, फॉल-पिको, लग्नसराईत रात्री दोनपर्यंत. बचत गटाचं कर्ज घेऊन मशीन घेतली, हप्ता एकदाही चुकला नाही. मला कुणी कधी बेरोजगार धरलं नाही, मग भत्ता कुठला? आता मांजराकाठला अजून सहा महिने मिळाले तर आनंद आहे. पण आधी भत्ता खाल्लेल्यालाच पुढचा भत्ता, आणि जी मुकाट्यानं काम करत राहिली तिला काही नाही, ह्याला काय म्हणायचं?

वाळूज रिटर्न:
ताई, ह्याचं उत्तर माझ्याकडं नाही.

पीटी भरणारा:
ताईंचा मुद्दा माझ्यापेक्षा भारी आहे. बरं मांजराकाठ, एक सांग. सहा महिन्यांनी दुकान बंद पडलं तर ते ४८ हजार परत घ्यायचे का?

मांजराकाठ:
कार्यालयात बसून गेलेले ८८ परत मागितले का कुणी? तरी घ्या म्हणतो. बिनव्याजी द्या, दोन वर्षांनी हप्त्यानं घ्या. ताईंनाही द्या, आधी भत्ता घेतला होता का हे न विचारता. पण द्या.

जुना मिस्त्री:
हां, हे बिनव्याजीचं पटतंय. फुकट नको. फुकट पैशावर दुकान उघडणारा पोरगा अकराला शटर वर करतो, आणि तोवर शेतकरी मोटार घेऊन पुढच्या दुकानात गेलेला असतो.

मांजराकाठ:
काका, एक विचारतो. जळकी तार कुणाची? गिऱ्हाइकाची का मिस्त्रीची?

जुना मिस्त्री:
गिऱ्हाइकाची. त्याच्यासमोर तोलायची आणि भंगाराच्या भावानं बिलातून वजा करायची. कुणी न मागता तार ठेवून घेणारे मिस्त्री आहेत तालुक्याला, त्यांची दुकानं माझ्यापेक्षा मोठी आहेत, ते असू दे. दसऱ्यानंतर ये माझ्याकडं. सीझनला एक हात कमी पडतोच. ८ हजार काही देत नाही मी, मोटारीमागं देईन, आणि वेढे चुकले तर तुझ्याच हातानं परत काढायला लावीन. उधारीची वही पण दाखवतो, आबांच्या पानासकट.

मांजराकाठ:
येतो. मागणी मात्र मागं घेत नाही.

जुना मिस्त्री:
नको घेऊ. येताना मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) असला तर आण, माझा पोरानं पाण्यात पाडला.