फाईल बघायला कारण कशाला सांगायचं?

शाईदौत:
काल कुणीतरी लिहिलं, "ज्याचा प्रकरणाशी संबंध नाही त्याला सरकारी फाईल दाखवूच नये. माहिती अधिकार हा रिकामटेकड्यांचा धंदा झालाय." ते रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

कारण विचारायचं नाही, असं माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(२) मध्ये स्वच्छ आहे. तरी प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न तोच, "कशाला हवंय?" आमच्या जमिनीच्या फेरफारासाठी मी तीनदा नकला मागितल्या. तिन्ही वेळा एकच उत्तर, "नेमका कोणता कागद हवा ते नमूद करावे." अहो, फाईल पाहिल्याशिवाय आत काय आहे हे मला कसं कळणार? चौथ्यांदा नकला सोडल्या आणि अवलोकन, म्हणजे ऑफिसात बसून फाईल स्वतः पाहणं, मागितलं. फायली बांधलेल्या रुमालाची गाठ सुटली, धूळ झटकली, आणि चार पानं उलटल्यावर नोटिशीची पोच निघाली. तिच्यावर आईचा अंगठा. माझी आई शिक्षिका होती! आयुष्यभर हजेरीपटावर सही केली तिने. दोन रुपये भरून प्रत घेतली. नकलेच्या अर्जात हा कागद मी कधीच मागितला नसता, कारण असा कागद आहे हेच ठाऊक नव्हतं.

जुना_कारकून:
ताई, तुमच्यावर अन्याय झाला, मान्य. पण तुम्ही एक फाईल पाहिलीत, मी तेहतीस वर्षं फायली सांभाळल्या. एक गृहस्थ एकाच रस्त्याच्या कामावर अर्जामागून अर्ज टाकायचे आणि संध्याकाळी ठेकेदाराला फोन करायचे. मुलीच्या साखरपुड्याच्या आदल्या रात्री मी ऑफिसात झेरॉक्सची पानं मोजत बसलो होतो. ७५ टक्के कर्मचाऱ्यांचा ७५ टक्के वेळ माहिती पुरवण्यात जावा हे देशाला नको आहे, असं सुप्रीम कोर्टानेही २०११ मध्ये बजावलंय.

उंबरठा:
निकाल अर्धा सांगू नका. परीक्षार्थींना स्वतःच्या उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क त्याच निकालाने दिला. आणि 'धंदा' म्हणणाऱ्यांनी तळेगावच्या सतीश शेट्टींना आठवावं. जमीन घोटाळे बाहेर काढणारा तो माणूस १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेला आणि तिथेच मारला गेला.

जुना_कारकून:
त्यांच्याबद्दल मी वावगा शब्द काढलेला नाही. माझं दुखणं वेगळं आहे. अवलोकनाला आलेल्या एकाने फाईलमधलं पान फाडून नेलं. नोटीस कुणाला? मला. दीड वर्ष चौकशी, वेतनवाढ अडकली.

सातवी_ओळ:
वाईट झालं. पण त्या फाईलला पृष्ठांकन, म्हणजे पानांवर क्रमांक, होतं का? बहुतेक फायलींत टिपणीची पानं वर, पत्रव्यवहार खाली, आणि आकडा कुठेच नाही. मग "सदर कागद आढळून येत नाही" लिहायला सगळे मोकळे.

जुना_कारकून:
आकडे घालायला माणूस कुठे आहे? दोन टेबलांचं काम एकाकडे असतं.

शाईदौत:
मग मोबाईलवर फोटो काढू द्या! फोटो मिळाला की पान फाडायचं कारणच उरत नाही. मला अडवलं. कुठल्या नियमाने ते लिहून द्या म्हटलं, तर गप्प.

जुना_कारकून:
फोटो म्हणजे प्रमाणित प्रत नव्हे. लोक त्यात आकडे बदलून फिरवतात आणि खाली सही आमची असते.

उंबरठा:
मूळ फाईल तुमच्याच कपाटात असते ना? मग भीती कसली? दडवायचंय म्हणून फोटो नको, सरळ सांगा.

जुना_कारकून:
तोंड सांभाळून बोला. मी एक कागद दडवलेला नाही. दीड वर्ष रोज मान खाली घालून ऑफिसात कोण गेलं, तुम्ही की मी?

सातवी_ओळ:
काका, तुम्ही एका पानासाठी भोगलंत. साहेबाच्या टेबलावरून अख्खी फाईल गेली तर कुणी भोगतं का? सरकारी कागदपत्रं जपण्यासाठी राज्याचा २००५ चा अभिलेख कायदा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आहे त्यात. प्रत्यक्षात साधी तक्रार नोंदवून घेत नाहीत.

उंबरठा:
आणि आता २०२३ च्या वैयक्तिक डेटाच्या कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारण्याचं कलम, बदललं. कुठल्याही कागदावर नाव दिसलं की 'वैयक्तिक' म्हणून दार बंद करतील. ताईंच्या पोचेवर तर अंगठाच आहे.

जुना_कारकून:
तो बदल मलाही पटलेला नाही. पृष्ठांकनाचंही तुमचं बरोबर, तिथे आम्ही कुचराई केली. वरिष्ठ विचारत नव्हते, म्हणून चाललं. पण त्रास देणारे अर्जदार असतात, हे मी मागे घेणार नाही.

ताई, एक विचारतो. पोचेची मागची बाजू पाहिलीत का? नोटीस कुणी बजावली, कुणासमोर, कधी, हा शेरा बहुधा मागे असतो. झेरॉक्सवाला पुढचीच बाजू काढतो.

शाईदौत:
नाही पाहिली. माझ्याकडे एकच बाजू आहे. उद्या पुन्हा अवलोकनाचा अर्ज टाकते.

जुना_कारकून:
त्यात त्या महिन्याची बारनिशी, म्हणजे आवक-जावक नोंदवही, हीही लिहा. नोटीस खरंच बाहेर पडली असेल, तर तिथे जावक क्रमांक सापडेल.