मदत हवी: मेंढरं धरताना नुसती लोकर हातात येते, औषध पाजायचं कसं?

माळरान_सांगोला: शनिवारी जंताचं औषध पाजायचंय. धरलं की उसळी मारून निसटतं. निम्मं औषध नाकातून बाहेर. माणसं दोनच. लवकर सांगा.

कोरडवाहू: मेंढरं किती? जात माडग्याळ का दख्खनी? औषध कुठलं? गाभण आहेत का? धरता कुठं?

माळरान_सांगोला: ६० माडग्याळ. अल्बेंडाझोल अडीच टक्के. वाघरीतच, म्हणजे जाळीच्या कुंपणातच धरतो.

वाघरकाठी: अख्ख्या वाघरीत धरायला गेलात तर ती गोल गोल पळणारच. कोपऱ्यात फाटकं आडवी बांधून १०-१२ मेंढरं दाटीनं उभी राहतील एवढाच खण करा. एकटं काढू नका, एकटं पडलं की बिथरतं. लोकर ओढली की कातडीखाली रक्त साकळतं, म्हणून तर ते उसळतं. एक हात जबड्याच्या हाडाखाली, गळ्यावर नाही. ढुंगण कोपऱ्याला, खांदा तुमच्या मांडीला टेकलेला. दुसऱ्या हातात औषधाची पिचकारी.

भीमाकाठ: त्यापेक्षा ढुंगणावर बसवा. मान पाठीकडं वळवायची, गुडघ्यावर भार घेऊन खाली बसवायचं. गप्प पडतं.

वाघरकाठी: दादा, ते खुरं छाटायला. औषधाला नको. पाठ मागं कलली की घोट श्वासनलिकेत जातो आणि पुढं न्यूमोनिया. पोट भरलेल्या आणि दिवस भरत आलेल्या गाभण मेंढीला तर तसं बसवूच नये, पोटाचा भार छातीवर येऊन धाप लागते. उभ्यानंच पाजा. नाक डोळ्याच्या रेषेच्या वर जाऊ देऊ नका. नळी ओठाच्या कोपऱ्यातून, दात नसलेल्या फटीतून जिभेवर. ठसका लागला की डोकं लगेच सोडा.



कोरडवाहू: गाभणचं उत्तर अजून आलं नाही. अडीच टक्क्यांचं असेल तर १० किलोला ३ मिली, म्हणजे ३० किलोच्या मेंढीला ९ मिली. अंदाजानं कमी पाजलं की जंत औषधाला दाद देईनासे होतात. सारख्या अंगाची मेंढरं एकत्र काढा, त्यातल्या सगळ्यात जडाचं वजन करून त्या गटाला तेवढंच द्या. पाजलेल्याच्या पाठीवर गेरू लावा. काम उन्हाच्या आधी, चरायला सोडायच्या आत उरका. सोलापूरच्या उन्हात दाटीत कोंडलेलं मेंढरू धापा टाकायला लागतं.

माळरान_सांगोला: गाभण कळत नाही. मेंढा तीन आठवड्यांपासून कळपात आहे.

कोरडवाहू: मग थांबा! गाभण राहिल्यावर पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोलनं गर्भाला इजा होते. माद्या बाजूला काढा, त्यांना फेनबेंडाझोल हे जंताचं दुसरं औषध चालेल का ते जनावरांच्या डॉक्टरांना विचारा. मेंढे आणि कोकरं पाजून घ्या.

माळरान_सांगोला: फेनबेंडाझोल किती मिली?

कोरडवाहू: किलोला ५ मिग्रॅ. १० टक्क्यांचं असेल तर ३० किलोला दीड मिली, अडीच टक्क्यांचं असेल तर ६ मिली. बाटलीवर किती टक्के लिहिलंय ते आधी इथं टाका.