व्हायोलिनवर पट्ट्या चिकटवाव्यात की कानावर विसंबावे?

पालक, कोथरूड
माझी दहा वर्षांची मुलगी सदाशिव पेठेत हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन शिकते. तिचे गुरुजी प्रत्येक अलंकार (सरावाची स्वररचना) आधी गाऊन घेतात आणि मगच गज (तारांवर फिरवायची काठी) हातात देतात. स्वरांच्या जागा दाखवणाऱ्या पट्ट्या फिंगरबोर्डवर चिकटवण्यास आणि मोबाईलच्या ट्यूनरवर स्वर तपासण्यास त्यांची मनाई आहे. घरी मात्र सुधारणारे कोणी नसल्याने तिचा गंधार (ग) रोज वेगळ्याच जागी लागतो आणि ती हिरमुसते. घरापुरती ही साधने वापरण्यास काय हरकत आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

व्हायोलिनवादक, नारायण पेठ
गुरुजींचा आग्रह रास्त आहे. ट्यूनर सप्तकाचे बारा समान भाग करतो, त्यामुळे त्याचा शुद्ध गंधार षड्जापासून (सा) ४०० सेंटवर येतो (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग). तानपुऱ्याच्या खर्जातून (सर्वांत खालच्या सा च्या तारेतून) आपोआप उमटणारा गंधार मात्र सुमारे ३८६ सेंटवर, म्हणजे सहज जाणवेल इतका खाली असतो. यंत्रावरचा हिरवा दिवा पाहून बोट ठेवणारी मुलगी तानपुऱ्याशी न मिळणारा गंधारच घोटून पक्का करील. पुढे दरबारी हा राग शिकताना तर गंधार अतिकोमल (नेहमीच्या कोमलाहूनही खालचा) आणि आंदोलित (हळुवार झुलता) लागतो. त्याची जागा कोणतीही पट्टी दाखवू शकत नाही.

घरी तपासण्याची सोय वाद्यातच आहे. तारा सा-प मध्ये लावलेल्या असतात, त्यामुळे पंचमाच्या तारेवर तिसऱ्या बोटाने षड्ज अचूक लागला की शेजारची षड्जाची मोकळी तार आपणहून थरथरू लागते, आणि बोट किंचित सरकले की ती थरथर विरते. तिला ती तार नीट न्याहाळू द्यावी.

पालक, औंध
हे मान्य करूनही सगळ्या साधनांना एकाच मापाने मोजू नये, असे मला वाटते. तानपुऱ्याचे ॲपही आधुनिक साधनच आहे. मिरजेचा तानपुरा प्रत्येक घरी असू शकत नाही आणि आधारस्वराशिवाय केलेला एकट्याचा रियाज मुलांना भरकटवतो. शिवाय पावसाळ्यात खुंट्या फुगून घट्ट बसतात, कोरड्या हवेत त्या निसटतात आणि लहान हातांना त्या फिरवणे जमत नाही. अशा वेळी मोकळ्या तारा लावण्यापुरता ट्यूनर वापरल्यास बिघडत नाही, कारण ट्यूनरच्या आणि तानपुऱ्याच्या पंचमात पडणारा फरक अवघा २ सेंटांचा असतो.

व्हायोलिनवादक, नारायण पेठ
मोकळ्या तारांपुरते मलाही मान्य आहे. गंधारासाठी मात्र ॲपवर तानपुरा लावून तिने आधी डोळे मिटून गंधार गावा, तो तानपुऱ्यात मिसळेपर्यंत धरून ठेवावा आणि मगच दुसरे बोट टेकवून लांब गजाने वाजवावा. एन. राजम आणि डी. के. दातार या व्हायोलिनवादकांचे गायकी अंगाचे (गाण्यासारखे) वादनही तिला ऐकवावे आणि त्यातला एखादा आलाप वाजवण्यापूर्वी तिच्याकडून गुणगुणून घ्यावा.