स्पायका प्लास्टर निघालं, लेक पाय टेकेना. काय घेऊ?

सारखी_धावपळ:
लेक २० महिन्यांची. डावा खुबा जन्मापासून सांध्याबाहेर, पण कळलं ती लंगडत चालायला लागल्यावर. ओपन रिडक्शन (ऑपरेशन करून खुबा जागेवर बसवणं) झालं, मग छातीपासून घोट्यापर्यंत स्पायका. ६ आठवड्यांनी भूल देऊन बदललं, पुन्हा ६ आठवडे. गेल्या मंगळवारी निघालं एकदाचं. आता झोपेत ब्रेस (पाय फाकवून धरणारा आधार), बाकी वेळ मोकळी. डॉक्टर म्हणाले एक्स-रे छान आहे, पायावर भार द्यायला हरकत नाही, तिच्या कलाने घ्या.

पण बाईसाहेब पाठीवरून हलायलाच तयार नाहीत. उभं धरलं की पाय पोटाशी घेते आणि भोकाड. बसवली तर बेडकासारखे पाय फाकलेले, प्लास्टरमध्ये होते तस्सेच. हालचालीला लागावी म्हणून घरात काय आणू? एकच वस्तू सांगा आणि स्वस्तातली. ऑपरेशनात सगळी गंगाजळी गेली आहे.

तिरपागडा:
ढकलगाडी. लाकडीच घ्या, प्लास्टिकची उलटते. आमची महागातली होती, पण थोरल्यानंतर धाकटाही वापरतोय. (दोघांनाही खुब्याचं काही नव्हतं, पण चालणं ते चालणंच.)

मनीमाऊ७:
वॉकर! आत बसवून सोडून द्यायचं. आपणही मोकळे.

निमूट:
वॉकर अजिबात नको. कॅनडात २००४ पासून विक्रीवर बंदी आहे. मुलं जिन्यावरून गडगडतात, वर चालणं काही लवकर येत नाही.

मनीमाऊ७:
आमची तिन्ही वॉकरमध्येच वाढली. एकही गडगडलं नाही.

निमूट:
घरात जिना होता?

मनीमाऊ७:
नव्हता.

खुबेकर:
ताई, आमचा लेक दीड वर्षाचा असताना हेच सगळं झालं. पहिला आठवडा मी नुसती रडत होते. प्लास्टर काढल्यावर पाय बघितले तर काटक्या, कातडीचे पापुद्रे निघतायत, त्यावर लव वाढलेली. वास तर विचारू नका. पापुद्रे खरवडू नका, आपोआप जातात.

आम्ही मोठा टब घेतला. टाक्यांची जागा पूर्ण भरली आहे, भिजवायला हरकत नाही, असं डॉक्टरांकडून कळल्यावरच कोमट पाण्यात बसवलं. जमिनीवर दगड होऊन बसणारा पोरगा पाण्यात चौथ्या दिवशी लाथा मारायला लागला. तिसऱ्या आठवड्यात रांगला, दीड महिन्याने सोफा धरून उभा राहिला. लंगडणं मात्र पुढे पाच-सहा महिने होतं. टबच घ्या.

जुना_खेळाडू:
टब कशाला? पोहण्याच्या तलावाचं वार्षिक सभासदत्व घ्या. माझी नात तीन वर्षांची, पाण्याबाहेर येत नाही.

सारखी_धावपळ:
काका, "स्वस्तातली" लिहिलं होतं हो.

सावळागोंधळ:
रोज तेल लावून पाय ओढून सरळ करा, दोन्ही गुडघे जुळवून बांधा. आठ दिवसांत फाक जाईल.

फिजिओ_रोजची:
कृपा करून हे करू नका!! दोन्ही पाय सरळ करून जवळ दाबले की खुब्याचा गोळा वाटीतून बाहेर सरकायला बघतो. ज्यासाठी ऑपरेशन केलं तेच बिघडायचं. फाक आपोआप कमी होते. १२ आठवडे पडून राहिल्याने स्नायू अशक्त आहेत, हाडंही थोडी विरळ होतात, म्हणून या दिवसांत पलंगावर एकटीला ठेवू नका, पडली तर मोडण्याची भीती जास्त. जमिनीवर जाड सतरंजी घाला आणि आवडीची वस्तू हातभर लांब ठेवा. आधी कुशीवर वळेल, मग पालथी, मग गुडघे. उभं करायची घाई नको. ताप आला, पाय सुजला किंवा हलवत होती तो पाय अचानक हलवेनाशी झाली, तर फोरमवर विचारू नका, डॉक्टरांना फोन करा. आणि रडते म्हणून ब्रेसचे तास स्वतःच्या मनाने कमी करू नका.

सावळागोंधळ:
आमच्या आजीने अकरा मुलांचे पाय ओढले. सगळी धडधाकट.

खुबेकर:
त्यांचे खुबे मुळात जागेवर असतील म्हणून.

सारखी_धावपळ:
विषय निघालाच आहे तर विचारते. मी दोन महिने तिला पाय सरळ ठेवून घट्ट गुंडाळत होते. त्यामुळे झालं का?

फिजिओ_रोजची:
तसं गुंडाळल्याने धोका वाढतो हे खरं. पण मुलगी, त्यातून पहिली, पायाळू, घरात आधी कुणाला असणं, अशी बरीच कारणं असतात. एकट्या दुपट्यावर खापर फोडू नका. पुढच्या बाळाला गुंडाळाल तेव्हा पाय मोकळे ठेवा, वर घेऊन फाकवता येतील इतके.

सारखी_धावपळ:
पायाळू होती आमची. मला कुणी सांगितलंच नाही की पायाळू बाळाच्या खुब्याची सोनोग्राफी करून घेतात.

खुबेकर:
आमचाही पायाळूच. तपासताना "सगळं ठीक" म्हणाले होते. सहा महिन्यांच्या आत कळलं असतं तर कदाचित पट्ट्यांच्या हार्नेसवर भागलं असतं. जाऊ दे, उगाळून काय मिळणार.

तिरपागडा:
ढकलगाडीचं काय ठरलं?

सारखी_धावपळ: (११ दिवसांनी)
सगळ्यांचे आभार. काहीच घेतलं नाही. सतरंजीवर ठेवत होते, टोपी लांब, चमचा लांब, बाईसाहेब ढिम्म. परवा वाळलेल्या कपड्यांची टोपली तिच्याशेजारी राहिली. कुशीवर वळून हात घातला, एकेक मोजा काढून फेकायला लागली. सगळे संपले, एक निळा तळाला. हात पुरेना. टोपलीचा काठ धरला, कण्हली, आणि डाव्या गुडघ्यावर भार देऊन उठली. डाव्या! मोजा काढला, फेकला, धपकन बसली. मी दाराआड उभी, श्वास रोखून. आता दिवसभर मोजे भरायचे नि ती फेकणार. उभी अजून राहत नाही.

जुना_खेळाडू:
छान. टोपली किती उंच आहे?

मनीमाऊ७:
आणि कुठल्या कंपनीची?